बारच्या वरची खोली

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा, कारण आज मी मधेमधे वऱ्हाडीत बोलणार आहे आणि आम्ही लोक हळू बोलत नाही.

आजची गोष्ट दोन खोल्यांची आहे. एक इंग्लंडात, श्रूजबरी नावाच्या गावात, एका पबच्या वर. दुसरी परतवाड्यात, एका परमिट रूमच्या वर. दोन्ही ठिकाणी मी राहिलोय, दोन्हीकडे खाली लोक पीत होते आणि वर मी झोपायचा प्रयत्न करत होतो. मी स्वतः पीत नाही. हे आधीच सांगतो, कारण आई हा भाग ऐकणार आहे.

पहिली खोली पटकन उरकतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला सहा आठवड्यांसाठी बर्मिंगहॅमला पाठवलं होतं. ऑनसाइट म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं पोरगं लंडनच्या ब्रिजवर फोटो काढत फिरतंय. मी सोमवार ते शुक्रवार क्लायंटच्या बेसमेंटमध्ये बसून त्यांच्या जुन्या पेमेंट सिस्टीमचे लॉग वाचत होतो. तिसऱ्या शनिवारी वैतागलो आणि ट्रेनमध्ये बसलो. श्रूजबरीच का? तर पुण्यात नोकरीला लागल्यापासून दर दिवाळीला अकोल्याला जाताना मी कॅम्पातून श्रूजबेरी बिस्किटांचे डबे नेतो. म्हटलं, ज्या गावाच्या नावानं एवढी रांग लावली, ते गाव तरी पाहू. तिथं गेल्यावर कळलं की गावाच्या नावाचा उच्चार श्रूजबरी की श्रोझबरी, यावर तिथल्याच लोकांचं एकमत नाही. बरं वाटलं.

गाव सुंदर आहे. सेव्हर्न नदीनं घोड्याच्या नालेसारखा वळसा घातलाय आणि आत जुनी लाकडी चौकटीची काळी-पांढरी घरं, एकमेकांच्या खांद्यावर टेकलेली. चार्ल्स डार्विन 1809 साली इथंच जन्मला. आणि चौकात पुतळा कोणाचा? रॉबर्ट क्लाइव्हचा. प्लासीवाला. तो या गावाचा खासदार होता, महापौरही होता. 2020 मध्ये हा पुतळा काढा म्हणून मागणी झाली होती, पण तो अजून उभा आहे. मी त्याच्यासमोर बसून शेंगदाण्याची चटणी लावलेला ब्रेड खाल्ला. एवढाच माझा निषेध.

हॉटेलं महाग होती. सगळ्यात स्वस्त खोली एका पबच्या वर निघाली. मी जरा बिचकतच आत गेलो. आपल्या डोक्यात बार म्हणजे काय असतं? काळी काच, लाल-निळे लाइट, दारावर पडदा. इथं मोठ्या खिडक्या, रस्त्यावरून आतलं सगळं दिसतंय. एका टेबलावर आजी-आजोबा आणि नातवंडं जेवतायत, टेबलाखाली कुत्रा झोपलाय. रिसेप्शन वगैरे काही नाही. ज्या बाई बिअर ओतत होत्या त्यांनीच हात पुसले, माझ्या पासपोर्टचा नंबर एका वहीत लिहून घेतला आणि काउंटरवरून किल्ली दिली. खोलीची जमीन एका बाजूला उतरती. पेन खाली ठेवला की घरंगळत भिंतीपर्यंत जायचा. बाथरूम पॅसेजमध्ये, दोन खोल्यांना मिळून. एक किटली, चार टी बॅग, दुधाच्या बोटभर डब्या. खालचा आवाज अकरापर्यंत येत होता, मग एक घंटा वाजली आणि हळूहळू सगळं थांबलं.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला. मी कौतुकानं सांगितलं, खाली पब आहे. तर आई म्हणे, "काहून रे, तू दारूच्या दुकानावर राहून रायला काय? पैसे नाई देत काय कंपनी तुले?"

आता या खोलीतली एकच गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यासाठीच मी हे सगळं सांगितलं. संध्याकाळी मी खाली सूप पीत बसलो होतो तेव्हा एक मुलगी आली. पाठीवर मोठी सॅक, बुटांना चिखल, वय असेल माझ्या बहिणीएवढं. एकटी. बाईंनी तिला नाव विचारलं, किल्ली दिली. ती वर जाऊन आली, खिडकीजवळ बसली, जेवण मागवलं आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली. कोणी वळून पाहिलं नाही. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. विशेष वाटलं ते दीड वर्षानंतर, परतवाड्यात.

माझी लहान बहीण नागपूरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी आम्ही तिला छोटी म्हणतो, ती साडेपाच फूट झाली तरी. प्रबंधासाठी तिनं अचलपूरचे दरवाजे घेतले. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी जयपूर, हंपी घेतलं. तिला विचारलं, तू काहून अचलपूर? तर म्हणे, दादा, तिकडं सगळ्यांनी मोजून झालंय.

खरंय तिचं. अमरावतीला बीटेक करताना मी चार वर्षं तिथून पन्नास किलोमीटरवर राहिलो आणि अचलपुरात एकदाही उतरलो नाही. बस परतवाड्याला थांबायची, आम्ही कचोरी खायचो आणि चिखलदऱ्याला निघून जायचो. तुम्ही पण हेच केलंय, मला माहीत आहे.

तर ऐका, आपण काय ओलांडून जातो ते. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. बहामनी राज्य फुटलं तेव्हा 1490 च्या सुमारास फतहउल्ला इमाद-उल-मुल्कनं वऱ्हाडची स्वतंत्र सत्ता उभी केली आणि ही तिची राजधानी झाली. हा फतहउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला कन्नड ब्राह्मण, लहानपणी लढाईत कैद होऊन आलेला. त्याच्या घराण्याचं राज्य 1574 पर्यंत टिकलं, मग अहमदनगरच्या निजामशहानं ते गिळलं. गावाबाहेर हौज कटोरा आहे, तलावाच्या मधोमध उभी अष्टकोनी इमारत. गावाला तट आहे, दरवाजे आहेत. इंग्रजांच्या काळात एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता, 1905 मध्ये तो अमरावतीत विलीन केला. म्हणजे जे गाव राजधानी होतं, ते जिल्ह्याचं ठिकाण झालं, मग तालुक्याचं झालं. आता तर शेजारचं परतवाडा जास्त ओळखीचं, जे मुळात पलटणीची छावणी म्हणून वाढलं.

आणि एक माणूस या दोन्ही खोल्यांना जोडतो. आर्थर वेलस्ली. 29 नोव्हेंबर 1803 ला त्यानं आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांच्या फौजेला हरवलं. 5 डिसेंबरला तो एलिचपूरला पोचला, दुसऱ्या दिवशी मुक्काम केला, अडगावच्या जखमींसाठी दवाखाना लावला आणि पुढे निघाला. 15 डिसेंबरला गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता तिथंच पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 1815 ला वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा, आणि नंतर इंग्लंडचा पंतप्रधान. त्याच्या नावाचे पब इंग्लंडात ढिगानं आहेत. बर्मिंगहॅमला भर शहरातच एक होता, रोज त्याच्यावरून जायचो. त्याच्या सरकारनंच 1830 मध्ये बिअरहाउस कायदा आणला. कर भरणाऱ्या कोणालाही थोडी फी देऊन स्वतःच्या घरात बिअर विकायची मुभा. घर आणि बार एकच, असं तिथं गल्लोगल्ली झालं.

आपल्याकडचा कायदा उलट्या दिशेनं आला. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि पुढे तो कायदा आपल्यालाही लागला. परमिट रूम हा शब्द त्यातूनच आलाय. दारू बंदच आहे, फक्त ज्याच्याजवळ परवाना आहे त्यानं या खोलीत बसून प्यावी. आजही कागदोपत्री पिणाऱ्याजवळ परमिट लागतं, बिअरला वय 21 आणि कडक दारूला 25. तुमच्यापैकी कितीजणांजवळ आहे? हात वर करू नका, आवाजच ऐकतोय मी. मला म्हणायचंय एवढंच, की जी गोष्ट मुळात सूट म्हणून दिलीय, ती माणूस काळ्या काचेमागेच करतो. आणि आपल्या तालुक्याच्या गावात स्वस्त खोली कुठं असते? बहुतेक वेळा त्याच काळ्या काचेच्या वर. बार, रेस्टॉरंट, लॉजिंग-बोर्डिंग, एकाच पाटीवर.

छोटीला दोन रात्री हव्या होत्या. अकोल्याहून अकोट-अंजनगाव करत परतवाड्याला पोचायला तीनेक तास, म्हणजे येऊन-जाऊन केलं तर दिवस बसमध्येच जातो. आणि फोटोला सकाळचा कोवळा प्रकाश पाहिजे. तिनं फोन लावले. पाच लॉज. मला तिनं रेकॉर्डिंग ऐकवलं, सगळीकडे साधारण एकच संवाद.

"मॅडम, सोबत कोण हाय?"

"मी एकटीच."

"मंग नाई जमत जी. सिंगल लेडीज नाई देत आमी."

एकानं तर विचारलं, अकोल्याच्या आहात ना, मग घर इतकं जवळ असताना लॉजवर कायले राहता? त्या प्रश्नातला संशय ऐकून मला इकडे पुण्यात बसून राग आला. ती मात्र शांत होती. म्हणे, दादा, तुले पहिल्यांदा ऐकू आलं म्हणून. मी प्रत्येक गावात हेच ऐकते.

आता, एकट्या बाईला खोली देऊ नये असा कायदा नाही. कुठंच नाही. ही लॉजवाल्यांची स्वतःची रीत आहे. विश्रामगृहाला ओळखपाळख लागते, चिखलदऱ्याचे रिसॉर्ट शनिवार-रविवारी तिच्या महिन्याच्या मेसचे पैसे एका रात्रीत मागतात, तेही घाट चढून वर. वऱ्हाडी माणसाला स्वस्त आणि स्वच्छ खोली म्हटलं की शेगावचं भक्तनिवास आठवतं. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. देवासाठी जमतं. बहिरमच्या यात्रेत तर लोक बायकापोरं घेऊन राहुट्यांमध्ये राहतात, हंडीतलं मटण आणि रोडगे खातात, कोणाला काही वाटत नाही. पण पाठीवर सॅक आणि हातात टेप घेतलेली एकटी पोरगी दारात आली की सगळ्यांना घाम फुटतो.

शेवटी मी दोन दिवस सुट्टी टाकून आलो. मोठ्या भावाची योग्यता सिद्ध करायला. बाबा म्हणाले, "पोरीले बारच्या वर झोपवतं काय तू?" मी म्हटलं, बाबा, बारच्या खाली जागा नाही.

काउंटरवर मॅनेजरनं दोघांचे आधार घेतले. आधी माझं आडनाव पाहिलं, मग तिचं, मग पुन्हा माझं. जुळलं. मग वडिलांचं नाव जुळवलं. तेव्हा कुठं रजिस्टर उघडलं. मी विचारलं, हिचं लग्न झालेलं असतं आणि आडनाव बदललं असतं तर? तो म्हणे, "मंग जावईबापू पाहिजे होते जी." तो वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय. त्यानं सातशेची खोली साडेसहाशेत दिली, वरून पाण्याचा जार पाठवला.

खोली कशी होती? चादर धुतलेली, पण तिच्यावर कोणाच्या तरी सिगारेटचं भोक. गीझर सकाळी सहा ते आठ. बादलीचं हँडल तुटलेलं. भिंतीवर स्वित्झर्लंडचं पोस्टर. इंग्लंडातल्या खोलीपेक्षा फार वाईट नव्हती खरं तर. जमीन तरी सरळ होती.

फरक रात्री कळला. दहापासून खाली स्पीकर वाढला. जिन्यावर पावलं. कोणीतरी पॅसेजमध्ये फोनवर शिव्या देतोय. साडेदहाच्या सुमारास आमच्या दारावर थाप पडली. "अबे उघड ना बे, किती वेळ लावतं!" मी दाराजवळ गेलो, ओरडलो, रूम चुकली भाऊ. बाहेरचा माणूस "सॉरी सॉरी" करत गेला, बिचारा ओशाळला असेल. पण मी वळून पाहिलं तर छोटी पलंगावर बसली होती आणि तिच्या हातात तिची स्टीलची पट्टी होती, ड्रॉइंगची, फूटभर. घट्ट धरलेली.

मला खोटं बोलायचं नाही. त्या क्षणी मला वाटलं, मॅनेजर बरोबर होता. ती एकटी असती तर? मी तिला तसं म्हटलंही. तर ती म्हणे, "दादा, थाप मारणारा खाली बसला होता. त्याले वर येऊ दिलं. आणि नाही म्हटलं मले."

मी खाली गेलो. भांडायला नाही, खरं तर पाणी आणायला. तिथं एक म्हातारे वेटर होते, पांढऱ्या मिशा, खांद्यावर नॅपकिन. त्यांना सांगितलं, काका, असं असं झालं. त्यांनी मान हलवली, ट्रे ठेवला, खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि जिन्याच्या तोंडाशी जे लोखंडी चॅनल गेट होतं ते ओढून घेतलं. कुलूप लावलं. एवढंच. वर राहणाऱ्यांसाठी मागच्या बाजूनं दुसरा जिना होता, तो थेट रस्त्यावर उतरायचा. म्हणजे बार आणि खोल्या वेगळ्या करायची सोय इमारतीत पहिल्यापासून होती. कोणी वापरत नव्हतं. का, तर बारचं गिऱ्हाईक वर-खाली करतं, त्याला चक्कर पडते.

मी दिवसभर ऑफिसात हेच काम करतो हो. कोणाला कुठं जाऊ द्यायचं, कुठं नाही. सिस्टीममध्ये एखाद्या युजरमुळे धोका असेल तर आपण त्याचा ॲक्सेस काढतो. ज्याला धोका आहे त्याचं अकाउंट बंद करत नाही. त्या गेटसमोर उभा राहून मला हसू आलं, आणि जरा लाजही वाटली, कारण दहा मिनिटांपूर्वी मी वर जाऊन बहिणीला उलटं सांगत होतो.

काका अचलपुरातलेच निघाले. तटाला लागून घर. सकाळी किती वाजता जाणार विचारलं, म्हटलं सहा. ते म्हणाले, दुल्हा दरवाज्यापासून सुरू करा, सात नंतर गाड्यांची गर्दी होते, टेप धरता येणार नाही. अगदी बरोबर सांगितलं. सहा वाजता धुकं होतं, दरवाज्यातून एक दूधवाला, दोन सायकली, एवढंच. छोटी लेझर मीटरनं उंची घ्यायची आणि मी टेपचं दुसरं टोक धरून उभा. दगडांच्या रांगा मोजायच्या, कमानीचा कुठला दगड सरकलाय ते लिहायचं. शिकल्या भावाला तिनं हमाल केलं.

साडेसातला एक आजी आल्या. बराच वेळ पाहत होत्या. मग जवळ येऊन विचारलं, "नगरपालिकेचे हाय काय तुमी? पाडून रायले काय?"

छोटी म्हणाली, नाही आजी, कॉलेजचं काम आहे, मोजून ठेवतेय.

आजींना ते पटलं नाही. मोजायला येतात ते पाडायलाच येतात, असा त्यांचा अनुभव असावा. पण नंतर त्यांनीच चहा पाठवला, आणि तटाचा कुठला भाग त्यांच्या लग्नानंतर ढासळला ते स्वतः चालत येऊन दाखवलं. छोटीनं ते जागच्या जागी नकाशावर टिपलं. ही गोष्ट सकाळी नऊला येऊन चारला परत जाणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही हो. त्यासाठी गावात रात्र काढावी लागते. श्रूजबरीच्या पबमध्येही मला हेच झालं होतं. सकाळी नाश्त्याला बसलो तेव्हा बाजूच्या टेबलवरच्या माणसानं नदीचा पूर कुठपर्यंत येतो ते भिंतीवर बोट ठेवून दाखवलं होतं.

दुसऱ्या रात्री गेट नऊलाच लागलं. आम्ही सांगितलं नव्हतं.

हे झालं डिसेंबरात. फेब्रुवारीत तिला पुन्हा जायचं होतं, खिडकी गेटची काही मापं चुकली होती. मला सुट्टी नव्हती. तिनं त्याच लॉजला फोन लावला आणि मला कॉन्फरन्सवर घेतलं, पण मी बोलायचं नाही या अटीवर.

"भाऊ येऊन रायले काय सोबत?"

"नाही. मी एकटीच."

बराच वेळ काही नाही. मागं टीव्हीचा आवाज. मग तो कोणाशी तरी बोलला, हात ठेवून, आम्हाला नीट ऐकू आलं नाही.

"मॅडम, मागच्या जिन्याजवळची 201 ठेवतो. काका म्हणते गेटाची एक चाबी तुमच्याजवळ द्या. पण आठच्या आत या जी, तुमच्या घरच्याइले बी बरं वाटते."

तिनं होकार दिला. आठच्या अटीवरून नंतर मला अर्धा तास ऐकवलं, पण गेली. दोन रात्री राहिली. बाबांना आम्ही सांगितलं नव्हतं. आता हा भाग ऐकून कळेल, तर बाबा, रागवू नका, मापं बरोबर आलीत.

तुमच्या गावात, अमरावती, अकोला, बुलडाणा, कुठंही, एकट्या मुलीला विनाप्रश्न खोली देणारी साधी लॉज माहीत असेल तर मला आवाजी मेसेज पाठवा. भाडं किती आणि जिना कुठून, तेही सांगा. छोटी यादी करतेय, तिच्या वर्गातल्या मुलींसाठी. आत्तापर्यंत तीन नावं झालीत.